तेहतीस चुली, बत्तीस धोंडे

आश्विन लागला की माझं डोकं फिरतं. या दिवसांवर लोक सोनेरी शेतं आणि निरभ्र आभाळ वगैरे लिहितात. खुशाल लिहावं. त्यांच्या मानेला भाताचं कूस चिकटलेलं नसतं. आमच्याकडे या महिन्यात वारा पडतो, खाडीचं पाणी तेलासारखं निपचित होतं, कातळ चपलेतून पाय भाजतो, आणि दिवसभर कापून पसरलेलं भात उचलायची वेळ झाली की नेमका सह्याद्रीकडून काळा ढग निघतो. गवतात फुरसं असतं. बाकी सगळं सोनेरीच असतं.

यंदा त्यात गडगा पडला.

माझ्या आणि माझ्या मोठ्या जावेच्या आवाराच्या मधे हा गडगा आहे. जांभ्या दगडांची भिंत, मातीचुन्याशिवाय नुसती एकावर एक रचलेली. परतीच्या पावसात ती मधोमध चार हात कोसळली. सकाळी चहाचा कप घेऊन मी मागल्या दारी आले, तर भगदाडातून समोर वैनी. तिच्याही हातात कप. तिनं माझ्याकडे पाहिलं, कपातला उरलेला चहा माझ्या बाजूच्या दगडांवर ओतला आणि आत गेली. तोंडावर मी तिला अहो-जाहो करते. मनात आणि कागदावर नाही.

आमचं गाव खाडीतल्या बेटावर आहे. अशा बेटाला इकडे जुवा म्हणतात. कडेनं माड आणि भातखाचरं, मग चढ, आणि चढ संपला की वर सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ. रत्नागिरीला जायचं तर आधी होडी आणि मग एसटी. मी मंडणगडची, डोंगरातली. लग्नापर्यंत होडीत पाय ठेवायचा प्रसंगच आला नव्हता. वरातीच्या दिवशी शालूसकट होडीत ओकले. ते वैनीनं गावभर केलं, आणि तेव्हापासून तिच्या लेखी मी ‘मंडणगडची’. मला नाव आहे, हे तिला तीस वर्षांत सुचलेलं नाही.

सड्याच्या पूर्वेच्या अंगाला, जिथे कातळावर दीड-दोन हात माती साचली आहे, तिथे आमचे धोंडे. एकूण बत्तीस. कुणी गुडघ्याएवढा, कुणी कमरेएवढा, काही कललेले, एक पार आडवा. कोणी उभे केले ते कोणाला ठाऊक नव्हतं आणि कोणी विचारतही नव्हतं. ती आपली थोरली माणसं, एवढंच गाव म्हणायचं. प्रत्येक घराला आपला धोंडा होता. नवी सून आली की पहिल्या दसऱ्याला सासू तिला वर न्यायची, घराचा धोंडा दाखवायची आणि नव्या भाताच्या लोंब्यांची पहिली मूठ तिच्या हातानं त्याच्या पायाशी ठेवून घ्यायची. मग घराच्या दाराला लोंब्यांचं तोरण, आणि त्यानंतर नवा भात पोटात. गावात एकमेकांच्या विहिरीवरून, कोंबड्यांवरून, आंब्याच्या फांद्यांवरून मारामाऱ्या झाल्या, पण दुसऱ्याच्या धोंड्याला कोणी हात लावला नाही.

माझ्या सासूनं मला वर नेलं तेव्हा घर एकच होतं. पुढे सासू गेली आणि दोन चुली झाल्या. भांडी वाटली, खाचरं वाटली, धोंडा कसा वाटायचा? तेहतीस चुली आणि बत्तीस धोंडे, हा हिशेबातला घोळ गावात आमच्यामुळे. मग दसऱ्याला वैनी लोंब्या पूर्वेकडून ठेवायची, मी पश्चिमेकडून. मधे धोंडा होता, त्यामुळे तोंड बघावं लागत नसे.

तोंड न बघण्याचं कारण हाच गडगा. चुली वेगळ्या झाल्यानंतरच्या एका पावसात तो असाच पडला होता. मी बाळंतपणाला माहेरी गेलेली. परत आले तर गडगा नवा रचलेला आणि दोन हात माझ्या बाजूला सरकलेला. त्या दोन हातांत वैनीनं भाट्याच्या नारळ केंद्रातून आणलेलं माडाचं रोपही लावून टाकलं होतं. मी बोलले, ती बोलली, होडीच्या धक्क्यापर्यंत ऐकू गेलं. दोघे भाऊ तेव्हा मुंबईला एकाच खोलीत राहत होते, एका ताटात जेवत होते. भांडायचं काम त्यांनी इथं आम्हा दोघींवर सोपवलेलं. गेली एकोणीस वर्षं मी त्या माडाला नारळ लागताना बघते आहे. चांगले लागतात. माझ्या मातीतले आहेत.

धोंड्यांच्या भानगडीचा आश्विन मला विसरायचा आहे आणि दर वर्षी गवत पिवळं पडलं की तो परत येतो. आठ-नऊ वर्षं झाली. भाद्रपदात पुण्याहून एक सर आले. टोपी, पाण्याची मोठी बाटली, आणि बोलणं असं की जणू आम्ही सगळे तिसरीत. दोन दिवस सड्यावर हिंडले, दोऱ्या लावल्या, फोटो काढले. मग शाळेच्या ओसरीवर सगळ्यांना बसवून सांगितलं की हे फार फार जुनं दफनस्थान आहे, शेकडो पिढ्यांपूर्वीचं. आणि ज्यांनी ते केलं त्यांचा तुमच्याशी काहीही संबंध नाही, तुमचे पूर्वज इथं फार नंतर आले. त्यांना वाटलं, ही आम्हाला आनंदाची बातमी आहे.

ओसरीवर मागच्या बाजूनं वैनी म्हणाली, “मग इतकी वर्षं आमचा भात कोण खात होतं?”

सर हसले. गावात पहिल्यांदा आलेल्या माणसानं वैनीला हसू नये, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दिवाळीनंतर माणसं घेऊन परत येतो, म्हणाले, जागेचं संरक्षण व्हायला हवं, म्हणाले, आणि होडीत बसून गेले.

‘संरक्षण’ हा शब्द गावात आठ दिवस फिरला. कोणाच्या तरी मेव्हण्याच्या गावाला असाच बोर्ड लागला होता आणि तिथे म्हणे आता गवतही कापू देत नाहीत. सड्यावरचं गवत म्हणजे आमच्या गुरांचं वर्ष. आणि धोंड्यांच्या पलीकडे शंभर पावलांवर आमचं मसण. तेही बंद झालं तर मेलेलं माणूस होडीत घालून पलीकडच्या तीरावर न्यायचं, आणि पलीकडचे जागा देणार आहेत थोडेच. देवळात सभा भरली. गावकर, म्हणजे गावाचे मुख्य मानकरी, दोन तास ‘काय करायचं, काय करायचं’ म्हणत बसले. मला घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या होत्या. मी उठून म्हटलं, ते येणार धोंडे बघायला. धोंडेच नसले तर बोर्ड कशाला लावतील? ज्याचा त्यानं आपल्या खळ्यात नेऊन ठेवावा. आपलीच माणसं आहेत ना, मग घरी आणू.

आमच्या गावात इतक्या चटकन काहीही मंजूर झालेलं नाही. ही अक्कल माझी. दुसऱ्या कोणाच्या नावावर ती टाकायची माझी इच्छा नाही.

दसरा झाल्यावर, ऐन कापणीत, एका सकाळी सगळं गाव पहारी घेऊन सड्यावर चढलं. पुरुष मुंबईला, म्हणून बायका आणि म्हातारे. धोंडा उपटायचा, दोरानं बांबूला बांधायचा आणि चौघींनी खांद्यावरून खाली न्यायचा. लांबून बघणाऱ्याला गावात एकाच दिवशी बत्तीस मयतं निघाली असं वाटलं असतं. आमच्या धोंड्यापाशी मी पोचले तर वैनी पहार घेऊन आधीच उभी. गावकर येऊन बघून गेले. “एक धोंडा, दोन चुली. तुम्ही तुमचं बघा बायांनो,” एवढं बोलून ते निघाले ते वळून न बघता.

ती पूर्वेकडून खणायला लागली, मी पश्चिमेकडून. ऊन डोक्यावर आलं. बाकीची माणसं आपापले धोंडे घेऊन खाली जेवायला गेली. आम्ही दोघी मात्र हललो नाही, कारण मी गेले तर ती एकटी नेणार आणि ती गेली तर मी. भूक लागलेली, तोंडाला कोरड, माझ्याकडे पाणी होतं, तिच्याकडे नव्हतं. मी दिलं नाही. तिनं मागितलंही नाही.

धोंडा एकाएकी कलला आणि माझ्या पायावर येता येता तिच्या बाजूला पडला. खाली एक पसरट शिळा. ती शिळा तिनं पहारीनं उचलली, मी हातानं सरकवली, आणि आत मडकं होतं. बाहेरून तांबडं, तोंडाशी काळं, माझ्या भाताच्या तपेल्याएवढं. एका बाजूनं फुटलेलं. आत माती, मातीत हाडांचे बारीक तुकडे, एक शंखाचा मणी. मी बोटांनी माती बाजूला केली. दात होते. एवढे एवढे, तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे. जिनं आपल्या पोरांचे पडलेले दात कौलांवर फेकलेत तिला दुधाचा दात ओळखायला पुण्याचं शिक्षण लागत नाही. तीन पोरं मी वाढवली, दोन तिनं.

“झाक,” वैनी म्हणाली.

मी पदरानं झाकलं. मग पाण्याची बाटली तिच्यापुढे ठेवली. ती प्यायली, उरलेलं परत दिलं. आभार वगैरे काही नाही.

तसंच खड्ड्यात ठेवून धोंडा नेला असता तर पुण्याच्या माणसांनी पहिल्या दिवशी उकरलं असतं, आणि मग बोर्ड काय, कुंपणच पडलं असतं. दात पुण्याला गेले असते, कुठल्या तरी कपाटात, चिठ्ठी लावून. न्यायचं तर कुठे? माझ्या घरी ठेवायला ती देईना, तिच्या घरी ठेवायला मी. दोघींच्या मनात एकच जागा आली असावी, कारण खाली आल्यावर न बोलता दोघी गडग्यापाशीच थांबलो. भर दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना, वैनीनं स्वतः रचलेल्या गडग्याचे बुडाकडचे दगड स्वतःच्या हातानं काढले. मी कोपरभर खोल खणलं. मडकं ठेवलं, पदर झटकला, दगड लावले. मग सड्यावरून धोंडा बांबूला बांधून आणला, उंच पण किडकिडीत, दोघींना पेलला, आणि गडग्यावर ठेवला. ना तिच्यात, ना माझ्यात. त्या तासाभरात आम्ही दोघींनी जेवढं काम एकत्र केलं तेवढं आयुष्यात केलं नव्हतं. संध्याकाळी माझी कोंबडी तिच्या आवारात गेली तेव्हा तिनं दगड मारला.

सर दिवाळीनंतर आले आणि मोकळा सडा बघून खालीच बसले. चूक कबूल करते, पण तो माणूस जसा रडवेला झाला त्याची मला दया आली नाही. त्यांनी कुठे कुठे फोन केले. तालुक्याहून साहेब आले, गावकरांना दम भरला, आणि धोंडे जिथे होते तिथे परत लावा असा हुकूम निघाला. जिथे होते तिथे म्हणजे कुठे, ते कोणाला आठवत नव्हतं. प्रत्येकाला फक्त आपला धोंडा ठाऊक, शेजारचा नव्हे. तेव्हा गावकऱ्यांनी ते सरळ रांगांत लावले. आठ-आठच्या चार ओळी, दोरी धरून, शाळेत प्रार्थनेला पोरं उभी करतात तसे. बारके पुढे, उंच मागे. त्यांच्या मते पूर्वीपेक्षा छान दिसत होतं. सरांनी टोपी काढून तोंडावर धरली. पूर्वी तीन वर्तुळं होती, त्यांनी सांगितलं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तिथे गेलो, लोंब्या ठेवल्या, गवत कापलं, आणि ती वर्तुळं होती हे आम्हाला ती मोडल्यावर कळलं. हे मला अजून टोचतं. दुसरं काही टोचत नाही.

धोंडे लावताना साहेबांची माणसं खांद्याशी उभी होती, त्यामुळे मडकं परत नेता आलं नाही. धोंडा तिसऱ्या ओळीत गेला. ते पोर मात्र गडग्याखाली राहिलं.

जाण्याआधी सरांनी घरोघर जाऊन विचारलं, धोंड्याखाली काही मिळालं का? मला विचारलं, मी नाही म्हटलं. वैनीला विचारलं, ती म्हणाली, माती. आम्ही ठरवलेलं नव्हतं. पण मला पुढे विचार करता लक्षात आलं की बत्तीस खड्डे खणले गेले आणि म्हणे एकालाही काही मिळालं नाही. तेव्हापासून आमच्या गावात कोणी घराचा नवा पाया खणायचा विषय काढला की घरातलं एखादं म्हातारं माणूस अचानक आजारी पडतं. मुंबईची मुलं वैतागतात. शौचालयाचे खड्डेसुद्धा लोकांनी घरापासून नको इतके लांब घेतलेत. कोणी कोणाला कारण विचारत नाही. बोर्ड तर आजतागायत लागलेला नाही. सरही पुन्हा आले नाहीत.

आणि यंदा गडगा पडला, नेमका तिथेच.

वैनीचा मुलगा मंगेश मुंबईहून आलेला होता. मुलगा सरळ आहे. कोणावर गेलाय कळत नाही. त्यानं सरकारी मोजणी करून घेतली. खुणा लागल्या आणि हद्द निघाली मी एकोणीस वर्षं सांगत होते तिथेच, गडग्याच्या दोन हात पलीकडे. तो कागद घेऊन भगदाडातून माझ्याकडे आला. म्हणाला, काकी, आईचं चुकलं होतं. जुना गडगा बुडापासून काढतो, त्याचेच दगड पायात भरतो आणि खऱ्या हद्दीवर चिऱ्याचं कंपाउंड घालतो. गडी उद्या येतायत. तुमचे दोन हात तुम्हाला परत. “माडपण तुमच्याकडे येतो काकी. तो तुमचाच.”

पलीकडे खळ्यात वैनी सुपानं हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात पाखडत बसली होती. सूप थांबलं.

एकोणीस वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते. ते मला कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, गावासमोर, तिच्यासमोर. तोंडात आलेलं ‘होय’ मी अक्षरशः गिळलं.

“घे म्हणावं,” वैनी सुपाकडे बघत मोठ्यानं म्हणाली. “इतकी वर्षं माझ्या नावानं खडे फोडलेत. आता देतोय तर घे म्हणावं.”

मंगेशला तो टोमणा वाटला. टोमणा होताच. पण तिचे हात सुपावर पालथे पडले होते आणि ती माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी घेतलं असतं तर ती काही बोलू शकली नसती. ते मला माहीत होतं, तिलाही.

“नको,” मी म्हटलं. “गडगा आहे तिथेच राहू दे. रचून घेऊ.”

तो समजूत घालायला लागला. रागानं नका बोलू काकी, कागद बघा, खूण बघा. मी म्हटलं, बघितली. त्यानं विचारलं, आणि माड? मी त्या माडाकडे बघितलं. दोन घड तयार होते. म्हटलं, माडपण तिकडेच राहू दे.

“लिहून घे रे तिच्याकडून,” वैनी म्हणाली. “मंडणगडच्या माणसाचा नेम नाय.”

मी लिहूनही दिलं. मंगेश कागद घेऊन गेला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, काकीचं वय झालंय. पलीकडे सूप पुन्हा चालू झालं.

गड्यांना नको म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशी मी एकटीच दगड रचायला गेले, तर पलीकडून दगड लागत होते. चार हातांचं भगदाड दुपारपर्यंत भरलं. बुडाकडचे दगड दोघींनीही हलवले नाहीत, फक्त चाचपून बघितले. जसजसा गडगा वर आला तसतशी ती दिसेनाशी झाली, आणि मला बरं वाटलं.

दसऱ्याला सकाळी सड्यावर गेले. तिसऱ्या ओळीतल्या धोंड्याच्या पूर्वेला लोंब्या ठेवून वैनी येऊन गेली होती. मी पश्चिमेला ठेवल्या. थोड्या पदरात ठेवून खाली आले, मागल्या दारी गेले. नव्या रचलेल्या दगडांवर, बरोबर त्या जागेच्या वर, पाच लोंब्या होत्या. मी तीन काढल्या आणि तिच्या लोंब्यांपासून हातभर लांब ठेवल्या. वळणार तेवढ्यात पलीकडून आवाज आला. माणूस दिसत नव्हतं.

“काय गो मंडणगडची, तीन काय ठेवतेस. पोराचं पोट भरंल काय तेवढ्यात?”

पदरात आणखी होत्या. दोन ठेवल्या.